सगुणाबाईंचा ऐकणारा दात

सगुणाबाईंना ऐकू येत नाही, ही गोष्ट भोर आणि वेल्हे अशा दोन तालुक्यांत मिळून दोघींनाच माहीत होती. एक त्या स्वतः, दुसरी मी.

"म्या गेल्यावं सांगा खुशाल," त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. "म्हंजी कोन काय म्हनतंय ते माझ्या कानावर यायचं न्हाई."

"आत्ता तरी कुठं येतंय?" मी म्हटलं.

ओठांवरून त्यांनी ते बरोबर टिपलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. धपाट्याची भीती उरली नाही, म्हणून आता सांगते.

सगुणाबाई आंबवड्याच्या. त्यांचे सासरे बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. मुलाचं सगळं लक्ष तालमीत, तेव्हा म्हाताऱ्यानं हत्यारं सुनेच्या हाती दिली आणि डोळे मिटले. पुढे नवराही लवकर गेला. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. सगुणाबाई मागे राहिल्या त्या पेट्यांच्या भरवशावर. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या आणि देवळातल्या वीणा त्यांच्याकडे यायच्या, नाहीतर त्या स्वतः यष्टीनं तिकडे जायच्या. खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, कपाळाला मोठं गोंदण, आणि तोंडात एक काडी.

ही काडी सागाची. लांबीला लाटण्याच्या निम्मी, जाडीला करंगळीएवढी. एक टोक दातात धरायचं, दुसरं पेटीच्या किंवा वीणेच्या लाकडाला टेकवायचं आणि डोळे बारीक करायचे. शिंपी जसा तोंडात टाचण्या धरून बोलतो तशी ही बाई काडी धरून काम करते, असं लोकांना वाटे. खरी गोष्ट अशी की त्या त्या काडीतून ऐकत होत्या. तारेची थरथर लाकडात, लाकडातून काडीत, काडीतून दातात आणि दातातून कवटीत. कान कधीच मिटले होते. एका तापात फुटले आणि गेले, असं त्या म्हणत. दात मात्र शाबूत होता.

मला हे कळलं भोरच्या यष्टी स्टँडवर. त्या पाठमोऱ्या चालल्या होत्या आणि एक यष्टी मागे येत होती. कंडक्टर शिट्टीवर शिट्टी मारतोय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मी गाण्याचा गळा लावून ओरडतेय, आणि सगुणाबाई आपल्या संथ. शेवटी धावत जाऊन दंडाला धरून ओढलं. दोघी पेरूच्या पाटीवर जाऊन पडलो. पेरूवालीनं जे काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

"बाई, तुमी बगितलंत," त्या म्हणाल्या.

"काय बघितलं?"

"मला ऐकू येत न्हाई ते."

मग रिकाम्या बाकावर बसून सगळं सांगितलं. त्यात रडारड नव्हती, काळजी होती. "चष्मेवाल्या शिंप्याकडं लोक कापड देत्यात. पन कान गेलेल्या बाईकडं सूर कोन देईल? एकदा कळलं की पेट्या बंद. पेट्या बंद झाल्या की पोरगा गाडी घिऊन दारात. म्हनतोच हाय तो, आई, आता बास, पुन्यात ये. तितं जाऊन काय करू? फ्लॅटात भिंतीकडं बगत बसू? हितं माझं घर हाय, माझ्या नावानं लोक येत्यात."

मी शपथ घेतली. पेरूवर हात ठेवून.

सगुणाबाईंची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. समोरचा माणूस नको ते बोलू लागला की त्या मान फिरवत. मान फिरवली की माणूस बंद. विंझरच्या देवळात सप्ताहाच्या आदल्या दिवशी वीणेची तार तुटली तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. तिथले विणेकरी तात्या मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाईमानसाच्या हातात देवाची वीणा द्यायची म्हंजी काय..." सगुणाबाईंनी मान फिरवली आणि खुंटी सैल करायला घेतली. तात्या बोलत राहिले. रीत, परंपरा, आजोबा, पणजोबा. घसा कोरडा पडला तेव्हा थांबले. इकडे तार चढून सुरात आली होती. सगुणाबाई वळल्या आणि वीणा त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "झालं तुमचं? माझं बी झालं."

तात्यांना वाटलं, केवढी सहनशील बाई!

दुरुस्तीला वाद्य आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भोक बगा आदी." सुई असो, मणी असो, पेटीचा भाता असो की वीणा, जे काही बिघडतं ते भोकापाशी, असं त्यांचं मत. वीणेला खुंट्यांच्या अलीकडे हाडाची एक पट्टी असते, तिच्या भोकांतून तारा जातात. तिला तारगहन म्हणतात. कुठलीही वीणा आली की सगुणाबाई आधी तिथं नख लावत. मी त्या काळी फार सोवळ्या भाषेत बोलायची. चारचौघांत "भोक" म्हणायला मला संकोच वाटे, मी "छिद्र" म्हणे. सगुणाबाई माझ्या ओठांकडे बघत आणि विचारत, "कुनाला शिंक आली?"

आता पियानोकडे येते, पण त्याआधी तेव्हाच्या माझ्याकडे एकदा बघून घ्या. मी चोपन्न वर्षांची, म्हणजे अक्कल फुटायच्या आतली. भोरच्या मुलींच्या शाळेत गाण्याची बाई. केसांना कलप, गळ्यात मोत्यांची माळ, आणि चालण्यात असा डौल की जणू मागे कोणी तंबोरा धरून चाललंय. लहानपणी पुण्यात एका बाईंकडे दोन उन्हाळे पियानो शिकले होते. तीन गाणी येत होती, त्यातलं एक अर्धं. एवढ्या भांडवलावर "मी पियानो वाजवते" असं मी पत्रिका जुळवताना सांगितलं होतं. सासरी पियानो नव्हता, म्हणून ते खपलं.

शाळेच्या हॉलमध्ये मात्र होता. संस्थानी काळात कोणीतरी दिलेला, उभा, काळा, भिंतीला टेकवलेला. त्याच्यावर बक्षिसांच्या ढाली ठेवत. पुण्याहून एक पियानोवाले येऊन नव्या तारा घालून गेले. त्या तटातट तुटल्या, आणि सगळ्या एकाच जागी. दुसऱ्यांदा आले, पुन्हा तेच. मग ते म्हणाले, आता यावर ढालीच ठेवा. इकडे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत "पियानोवर स्वागतगीत" छापून टाकलं होतं. वाजवणारीचं नाव माझं. मी आरशात सराव सुरू केला होता, बसायच्या ऐटीचा.

मी सगुणाबाईंचं नाव सुचवलं.

त्यांनी पियानोचं पोट उघडलं आणि आत बघून खूश झाल्या, जशी एखादी बाई दुसरीची भांड्यांची मांडणी बघून होते. वरच्या अंगाला पितळेच्या बुटक्या खुंट्यांची लांब ओळ होती. एकेका खुंटीला एक, दोन, नाहीतर तीन भोकं, आणि प्रत्येक भोकातून एक पोलादी तार खाली गेलेली. त्यांनी तारेला हात लावला नाही. भोकात नख घातलं.

"तार चांगली हाय. भोक चावतंय तिला."

मी चष्मा लावून पाहिलं. वर्षानुवर्षं ताणून बसलेल्या तारेनं पितळ खाल्लं होतं. गोल भोक एका अंगाला ओघळलं होतं आणि त्याच्या काठाला धार आली होती. नवी तार ताणली की ती धार तिला कापे. पियानोवाल्यांनी तारा बदलल्या, पण भोकं तीच राहिली.

"मग या छिद्रांना..."

"भोक म्हना बाई. त्याला त्याचं नाव घिऊन हाक मारा, म्हंजी बरं हुईल."

शाळेला सुट्टी लागली आणि काम सुरू झालं. एकेक तार सैल करायची, भोकातून काढून घ्यायची, आणि छत्रीची काडी घासून केलेली तिधारी सुई त्या भोकात घालून चिमटीत फिरवायची. दाबायचं नाही, नुसती फिरवायची. भोक गोल झालं की चुलीतली वस्त्रगाळ राख खोबरेल तेलात कालवायची, सुती दोरा त्यात माखायचा आणि तो भोकातून ओढत बसायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे, काठ गुळगुळीत होईपर्यंत. सगुणाबाई हे जमिनीवरून करू शकत नव्हत्या म्हणून त्यांना स्टूल दिलं. त्या स्टुलावरही मांडी घालून बसल्या.

गुळगुळीत झालं की नाही हे बघायची त्यांची रीत वेगळीच होती.

"बाई, एक केस द्या."

हॉलमध्ये दोन-तीन शिक्षिका बघायला आल्या होत्या, रामभाऊ शिपाई दारात होते. मी मोठ्या ऐटीत वेणीतला एक लांब काळाभोर केस उपटून दिला. सगुणाबाईंनी तो उजेडात धरला, चिमटीत फिरवला आणि परत केला.

"ह्यो नगं. कलपाचा केस राठ हुतो, खोटं अडकतो. कानामागं लावायचा राहून गेलाय बगा, तितला पांढरा द्या."

रामभाऊ घाईघाईनं पाणी आणायला गेले. पाणी कोणीच मागितलं नव्हतं. मी कानामागचा केस दिला. तो भोकातून घातला, हळू ओढला, सरकन निघाला. अडकला असता तर काठ अजून खरखरीत आहे असं समजायचं. त्या दिवसापासून मी कलप सोडला. लोकांना सांगितलं की ॲलर्जी आली.

दोन आठवड्यांत निम्मी ओळ झाली, पण तेवढ्यात सगुणाबाईंचा दात हलायला लागला. आयुष्यभर मिश्री लावून वरच्या ओळीत समोर एकच दात उरला होता, आणि काडी धरली जायची ती त्याच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये. गाल सुजला. चहा बशीत ओतून दुसऱ्या बाजूनं पिऊ लागल्या.

"डॉक्टरकडे चला, काढून टाकू," मी म्हटलं.

"तुमचा कान हलाया लागला तर उपटून द्याल का?"

 मी दातांच्या आरोग्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. त्यांनी मान फिरवली.

मग पहिली चाचणी आली. झालेल्या खुंट्यांतून तारा पुन्हा ओवल्या, ताणल्या. एकही तुटली नाही. मी पट्टी दाबली. सगुणाबाईंनी काडी दातात धरून पियानोच्या अंगाला टेकवली होती. त्यांचा चेहरा उजळला.

"गातोय की वो!"

गात होताच. पण प्रत्येक सुराच्या मागे काड्यापेटीत कोंडलेल्या माशीसारखी गुणगुण येत होती. मी दुसरी पट्टी दाबली. तीच माशी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या काडी धरून हसत होत्या.

नेमक्या मोठ्या बाई आत आल्या. मागून शिक्षिका, मागून रामभाऊ. मोठ्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण पत्रिका छापून झाल्या होत्या.

"हे काय? यात माशी शिरलीय का? सगुणाबाई, अहो ऐकू येत नाही का तुम्हाला?"

रागाच्या भरात कोणीही कोणालाही म्हणतं तसंच त्या म्हणाल्या. पण माझं बोट पट्टीवरच राहिलं. सगुणाबाईंनी त्यांच्या ओठांवरून नजर काढली नाही. काडी तोंडातून बाजूला घेतली, पदराला पुसली आणि पिशवीत ठेवली.

"येतंय की. माशीच हाय. उद्या काढते."

बाहेर नळापाशी मात्र त्यांनी काडी पिशवीतून काढून दोनदा धुतली. म्हणाल्या, "बाई, मला बी गुनगुन लागली हुती. पन म्हटलं, दातच हलतोय, त्योच वाजतोय काडीवर."

"आणि ती आली कशानं?"

त्यांनी थोडा विचार केला. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. वीणेला जिथं तार टेकते तिथं मऊ उतार देतात. तार त्या उतारावर घासत राहते, म्हणून गुणगुणते, आणि तीच वीणेची शोभा. जन्मभर वीणांचे उतार केलेला हात पियानोच्या भोकांनाही तसाच उतार देऊन बसला होता.

"आता मोठ्या बाईंस्नी संशय आला तर भजनी मंडळांना कळाया किती येळ? पोरगा आठ दिसांत येईल न्यायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच जाऊन दात काढून आल्या. तोंडात कापूस. दात कागदाच्या पुडीत बांधून पिशवीत टाकला होता.

"अहो, पण आता ऐकणार कशानं?"

कापसातून त्या म्हणाल्या, "खोटं सांगनारा कान ठिवून काय करू?"

आम्ही हॉलचं दार लावून घेतलं. मी एकच पट्टी दाबत बसले आणि सगुणाबाई नवा कान शोधू लागल्या. खालच्या दातांनी काडी धरून पाहिली, ती निसटे. हनुवटी टेकवली. खांदा टेकवला. कोपर. मग स्टुलावर चढून गुडघा. मीही मोठ्या उत्साहानं कोपरानं ऐकून पाहिलं, का ते मला विचारू नका. दाराच्या फटीतून रामभाऊंचा आवाज आला, "बाई, काय चाललंय?"

"योगासनं!" मी ओरडले.

शेवटी सगुणाबाई दमल्या. पियानोच्या काळ्या लाकडावर कपाळ टेकून बसल्या. मला वाटलं, रडतायत. काय करावं ते सुचेना, म्हणून मी पुन्हा पट्टी दाबली.

त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळानं लाकडातच बोलल्या, "परत."

मी दाबली.

"परत. जरा जोरात." मग बोट वर केलं. "हाय. माशी हितं हाय. तीनातली मधली तार."

त्यानंतर सगळी भोकं पुन्हा झाली. सुई तीच, हात वेगळा. "वीणेला उतार लागतो," त्या मला समजावत होत्या, "ह्याला उंबरा लागतो. तारेनं पाय उचलून भाईर पडलं पायजे. घासत न्हाई." तिधारी सुई एकेका काठावर जराशी आणखी फिरवून त्यांनी मऊ उतार काढून टाकला आणि स्वच्छ कड आणली. धार नाही, कड. त्या दोन्हींमधलं अंतर केसाएवढं असतं, आणि केस माझे होते. दर वेळी तारेला ताण दिला की कपाळ टेकायचं, मी पट्टी दाबायची, त्यांनी बोट वर करायचं किंवा नाही करायचं. हळूहळू बोट वर जायचं थांबलं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई सगळ्या शिक्षिकांना घेऊन आल्या. चेहरा परीक्षकाचा. सगुणाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, चपला आधीच काढलेल्या होत्या, पियानोसमोर गेल्या आणि कपाळ टेकवलं. मी खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवत गेले. सगळी ओळ संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

 मोठ्या बाईंनी हळूच आपल्या चपला काढल्या. त्यांच्यामागे सगळ्यांनी काढल्या. सगुणाबाई उठल्यावर मोठ्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनीही पियानोला कपाळ टेकवलं. मग शिक्षिकांची रांगच लागली. रामभाऊ धावत जाऊन हळदकुंकू घेऊन आले. पियानोला हळदकुंकू लागलेलं मी तरी तेव्हाच पाहिलं.

मोठ्या बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग, गेली का माशी?"

सगुणाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "गेली की. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

मला खोकला आला. बराच वेळ थांबेना.

संमेलनात मी स्वागतगीत वाजवलं. एकही तार तुटली नाही. तीन गाण्यांतलं अर्धं येणारं तेच होतं, हे मला स्टेजवर गेल्यावर आठवलं, म्हणून तो अर्धा भाग मी चार वेळा वाजवला. पाहुणे म्हणाले, फार भावपूर्ण. पहिल्या रांगेत सगुणाबाई इतरांचे हात हललेले बघून टाळ्या वाजवत होत्या, सगळ्यांच्या नंतर सुरू आणि सगळ्यांच्या नंतर बंद. मुलाच्या गाडीला पुढेही कित्येक वर्षं पुण्याला रिकामंच परत जावं लागलं. आणि दातापेक्षा कपाळाचा फायदा असा झाला की आता काडीही नको आणि संशयही नको. वाद्याला कपाळ टेकवणाऱ्या बाईला आपल्याकडे कोण काय विचारणार?

त्यांना शेवटचं पाहिलं ते विंझरलाच. माझ्या मुलानं मला भाटघरच्या त्याच्या घरून टेम्पोनं आणून सोडलं होतं, सप्ताहाच्या आदल्या दिवशी. तात्या विणेकरी आता काठी टेकत होते. मिशी होती, तोरा नव्हता. सगुणाबाई देवळाच्या खांबाला पाठ लावून बसलेल्या, वीणा मांडीवर, कपाळ वीणेवर. एका हाताचं बोट तार छेडत होतं.

तात्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. भोवतीच्या मंडळींना हलक्या आवाजात म्हणाले, "बगा, हत्यार लावायच्या आदी कशी टेकती माउली. भक्ती म्हनत्यात ती ही."

मी पदराचा बोळा तोंडात धरला.

सगुणाबाईंनी मान वर केली नाही. फक्त एक डोळा उघडला, गर्दीत मला शोधून काढलं आणि तार छेडणाऱ्या हातानं दोन बोटं दाखवली. दुसरी तार. मग दुसरा हात माझ्यापुढे पसरला. तळवा वर, बोटं जरा हलवत, घाई असल्यासारखी.

मी एक केस उपटून दिला. आता कानामागे शोधावं लागत नव्हतं.